डाळ शिजवणारं पाणी

मामांच्या अंगणात पाऊल टाकलंत की तुमच्या हातात आधी स्टीलचा गिलास यायचा. बसा म्हणणं नंतर, नावगाव विचारणं त्याच्याही नंतर. गिलास काठोकाठ भरलेला असायचा आणि मामा समोर उभे राहून तुमच्या गळ्याकडे टक लावून बघायचे. पहिला घोट खाली उतरला की विचारायचे, "कसं हाय?"

आता पाणी ते पाणी, त्यात कसं काय असणार? पण 'चांगलं आहे' असं तोंडदेखलं बोलून तुमची सुटका नव्हती. "चांगलं म्हंजे? गोड हाय का नुसतं गार हाय?" असा पुढचा प्रश्न तयार. मीटर बघणारा, पोस्टमन, पत्ता चुकलेले पाहुणे, पत्रिका वाटायला आलेली लग्नघरची माणसं, सगळ्यांनी तिथं उभं राहून उत्तरं दिली आहेत. एक पुढारी मतं मागायला आला होता, तो हात जोडून भाषण सुरू करणार तेवढ्यात मामा म्हणाले, "सायेब, मत मागून. आधी पानी." पुढारी मुकाट्यानं प्याला आणि गोड आहे म्हणाला. मामांनी त्याला मत दिलं की नाही ते काही सांगितलं नाही.

मी मूळची नांदेडची. गोदावरीचं पाणी पिऊन वाढलेली, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत जरा माजलेलीच म्हणा ना. लातूर नवा जिल्हा झाला, भराभर ऑफिसं उघडली आणि आमच्या ह्यांची बदली तिकडं झाली. गावाबाहेर रानात आखलेले प्लॉट, अर्धवट बांधलेली घरं, रस्ता म्हणून नुसता मुरूम. त्यात आम्ही तिघं आलो, हे, मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रिवाजानं सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

नळ होता, नाही असं नाही. पण त्याचं पाणी म्हणजे शिक्षा. साबण घासून घासून मनगट दुखायचं, फेसाचा पत्ता नाही. केस धुतले की काथ्यासारखे राठ. तांब्या, पातेली, हंडा, सगळ्यांवर पांढरा थर, चिंचेनं घासा की विटेनं घासा, हटायचं नाव नाही. आणि डाळ! सगळ्या मुलखाला तुरीची डाळ पुरवणारं हे गाव, जिकडं तिकडं डाळीच्या गिरण्या, आणि आमच्या चुलीवर डाळ शिजेना. सोड्याची चिमूट टाकली की चव जायची, नाही टाकली की दाणा दाताखाली कचकन लागायचा. "ही डाळ आहे का बाळाचा खुळखुळा?" असं आत्याबाई रोज ताटावर बसून म्हणायच्या. मी काय उत्तर देणार, पाणी काही माझ्या माहेरून आलं नव्हतं.

मामा आमच्या समोरच्या प्लॉटवर राहायचे. बसडेपोच्या वर्कशॉपात आयुष्यभर मेकॅनिक होते, नुकतेच रिटायर झालेले. मूळ गाव भोकरकडचं. घरात मामी आणि नोकरीसाठी नांदेडला असलेला एक मुलगा. बौद्ध घर. आमच्या आत्याबाईंनी पहिल्या दिवशीच चौकशी करून ठेवली होती आणि मला न्हाणीत बोलावून हळूच सांगितलं होतं, "शेजार चांगला आहे हो. पण जाणं-येणं बेतानं." मी म्हटलं, बेतानं म्हणजे किती, मापटं द्या. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. नळ आधी बारीक झाला, मग नुसती हवा सोडायला लागला. टँकर यायचा तेव्हा अख्खी आळी घागरी घेऊन धावायची आणि एकमेकींच्या झिंज्या उपटायची. अशात एका सकाळी मामांच्या प्लॉटवर बोर पाडायची गाडी येऊन उभी राहिली. त्यांनी फंडाचा पैसा त्यात घातला होता. पांढऱ्या धुळीचा लोट असा उठला की आमच्या घरातल्या पोळ्यांवर धूळ बसली. सगळी आळी बघायला जमली. पाणी लागायच्या खोलीवर पाणी लागलं नाही. त्याच्या खालीही लागलं नाही. गाडीवाला म्हणाला, सोडा आता. ह्यांनीही जाऊन सांगितलं, मामा, पैसे मातीत घालू नका. मामा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "चालू द्या. खाली हाय."

आणि खाली होतंच. दुपार कलता कलता पाणी उसळून वर आलं आणि जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी दोन दिवसांत स्वतःच्या हातानं हापसा बसवला आणि तिसरं काम काय केलं असेल, तर अंगणाचं लोखंडी फाटक बिजागरीतून उचकटून काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. मामी ओरडल्या, कुत्रं-मांजर येईल ना घरात! मामा म्हणाले, "येऊ दे. त्यालाबी तहान लागते."

आळी तुटून पडली. पहिला आठवडा आमच्या आत्याबाई मात्र खिडकीतून बघत बसल्या. टँकरचं गढूळ पाणी फडक्यानं गाळायच्या, पण समोर जाऊ द्यायच्या नाहीत. एके दिवशी मी सरळ कळशी उचलली, समोरून भरून आणली, डाळ टाकली आणि गप्प राहिले. जेवायला बसल्यावर आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. दुसरा घेतला. डाळ नुसती लोण्यासारखी. मला म्हणाल्या, "आज काय केलंस गं?" मी म्हटलं, काही नाही, समोरचं पाणी. वाटलं आता ताट सरकवतात. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "वाढ आणखी. आणि उद्यापासून चहालासुद्धा तेच घे." डाळीनं जे काम केलं ते माझ्या जिभेला दहा वर्षांत जमलं नसतं.

त्यानंतर आत्याबाई स्वतः गिलास हातात घेऊन मामांना उत्तर द्यायला लागल्या. "कसं हाय, आई?" "अमृत आहे हो मामा." मामांचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं.

एवढं का विचारता हो, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. जयंतीच्या दिवशी ते आळीभर सरबत वाटत होते, पाणी अर्थातच आपल्या हापशाचं. पातेलं खाली ठेवून म्हणाले, "वैनी, आमच्या गावात विहिरीवर आमाला हात लावू द्यायचे न्हाईत. मी पोरगा, घागर घेऊन बाजूला हुबा राह्यचो. कोनाला दया आली तर वरून वतायचे. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. गोड हाय का, पुरलं का, असं कोनी इचारलं न्हाई. मनून मी इचारतो." एवढं बोलून पातेलं उचललं आणि पुढच्या घरात गेले.

पुढे पाऊसपाणी बरं झालं. नळ पुन्हा सुरू झाला, तेच जड पाणी. पण आता ते कोण पिणार? नळाचं पाणी संडासाला आणि झाडांना, पिण्या-रांधण्याला मामांचं. आमची मधू त्याच सुमाराची. मामांची सूनही पहिल्या बाळंतपणाला सासरीच राहिली आणि सुजाता झाली. नांदेडला मुलाच्या खोलीत जागा नव्हती म्हणून सुजाता आजीआजोबांकडेच वाढली. दोघी पोरी हापशाखाली डोकं धरूनच मोठ्या झाल्या. त्या पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, भांड्याला थर नव्हता. साबणाला असा फेस यायचा की पोरी फुगे करायच्या.

दुधाचे दात पडून मधूचे पक्के दात आले ते खडूसारखे पांढरे. मी म्हटलं चला, छान. मग त्या पांढऱ्यावर तपकिरी पट्टे उमटले. घासून जाईनात. सुजाताचेही तसेच, तिचे तर काठाला झिजल्यासारखे, खाचा पडलेले. शाळेत बाईंनी मधूला विचारलं, "घरी मिश्री लावतेस का गं?" मी शाळेत जाऊन त्या बाईला असं झापलं की मुख्याध्यापक मध्ये पडले. डॉक्टर म्हणाले, पोटात जंत असतील. आत्याबाई म्हणाल्या, पोरी चोरून गूळ खातात. जो तो आपापलं सांगत होता.

मोठ्यांचं वेगळंच चाललेलं. सकाळी उठताना आत्याबाईंचे गुडघे सरळ होईनात. वरच्या घरातल्या तरण्याताठ्या सुनेला पाटावरून उठता येईना, भिंत धरून उठायची. सगळ्यांना वात. मामांची मान आखडली. कुणी बाजूनं हाक मारली तर ते सबंध अंगच वळवायचे. "स्टेरिंग जाम झालंय," म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचे.

एका वर्षी शाळेत मुलांचा फोटो काढला. सगळ्यांना हसा म्हटलेलं. मधूनं तो घरी आणला आणि मी कौतुकानं बघायला घेतला. त्या रांगांमधून आमच्या आळीची पोरं कोणती आणि बाकी गावाची कोणती, हे नुसत्या दातांवरून सांगता येत होतं. मी फोटो ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी बघितला आणि ऑफिसात पाणी तपासणाऱ्यांना सांगितलं.

पाणी तपासायला एक बाई आली. तरुण पोर, खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या. मामांना कोण आनंद! "तपासा, तपासा. असं पानी जिल्ह्यात न्हाई गावायचं." तिनं बाटल्या भरून घेतल्या, बुचं लावली. तोवर मामा गिलास घेऊन हजर. तिनं गिलास घेतला. मामा तिच्या गळ्याकडे बघत उभे राहिले. ती काही पीना. "नंतर पिते, मामा," म्हणाली आणि गिलास ओट्यावर ठेवून, पिशवी उचलून निघून गेली.

मामा त्या भरलेल्या गिलासाकडे कितीतरी वेळ बघत होते. मी फाटक नसलेल्या त्या फाटकाशी उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला मालूम हाय, वैनी. लई वर्षांनी बघितलं. पन मालूम हाय." काय मालूम आहे ते विचारायची मला गरज नव्हती.

निकाल आला. पाण्यात फ्लोराइड, तेही भरपूर. दात त्यानंच गेले, हाडंही त्यानंच धरली. पिऊ नका, रांधू नका, हापशाला लाल रंग लावायचा म्हणून हुकूम. ह्यांनी आळीत घरोघर सांगितलं. मामांना सांगायला मात्र कुणी जाईना. नुसतं येणं बंद केलं. एक घर थांबलं, मग दुसरं. सकाळपासून रात्रीपर्यंत ठक-ठक वाजणारा हापसा गप्प झाला आणि तुम्हाला सांगते, त्या शांततेनं आळीला अवकळा आली. मामा गिलास घेऊन अंगणात उभे राहायचे. "घ्या की पानी," म्हणायचे. जाणारा म्हणायचा, आत्ताच चहा झाला मामा. दुसरा म्हणायचा, घसा धरलाय. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथं उभं राहून उत्तरं दिली होती, ती माणसं मान खाली घालून जायला लागली.

घरात आत्याबाईंनी गुडघे चोळता चोळता जीभ सैल सोडली, "मी पहिल्यापासून म्हणत होते, बेतानं." मी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, अमृत कोण म्हणत होतं? दोष पाण्यात आहे, पाणी देणाऱ्यात नाही. पुन्हा हे बोललात तर मी ऐकून घेणार नाही." मी तशीच समोर गेले आणि मामांना सगळं सांगितलं, निकाल, दात, हाडं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वैनी, तुमीपन?" मी परत आले.

त्यांचं बरोबरच होतं हो त्यांच्या बाजूनं. तुमच्या हातचं पाणी खराब आहे, हे ज्यानं जन्मभर ऐकलं, त्याला आज तेच वाक्य सरकारी कागदावर लिहून दिलं तर तो काय समजणार? डाळ शिजते, फेस येतो, गोड लागतं. मग खराब काय, हे ते मामींना परत परत विचारायचे. मामी पदरानं डोळे पुसत मला सांगायच्या.

रंग लावायला तीच पोर आली, डबा आणि ब्रश घेऊन. मामा हापशाच्या आडवे उभे राहिले. आळी आपापल्या दारात. मी मात्र जवळ गेले, म्हटलं काही झालंच तर मध्ये पडू.

"ताई, गाव कोन्तं तुमचं?" मामांनी विचारलं.

"बिलोली."

"बिलोलीत कुठं?"

आमच्याकडं हा दुसरा प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळलं. तिनं रंगाचा डबा खाली ठेवला.

"भीमनगरात, मामा. जय भीम."

मामांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "जय भीम." मग म्हणाले, "मंग त्या दिशी पानी का न्हाई पिलीस, पोरी?"

"तुमच्या हातचं म्हणून नाही हो, मामा. गोड पाणी म्हटलं की आता मला भीतीच वाटते." ती हापशाच्या कट्ट्यावर बसली आणि लेकीनं बापाला सांगावं तसं सांगायला लागली. "नळाच्या जड पाण्यात चुना असतो. म्हणून डाळ शिजत नाही, थर बसतो. पण तो चुनाच ह्या विषाला धरून ठेवतो. तुमचं पाणी खूप खालचं. त्यात धरायला चुनाच नाही. म्हणून ते हलकं, म्हणून गोड, आणि म्हणूनच वाईट."

"म्हंजे ते डाळ न शिजवनारं पानी बरं व्हतं?"

"हो, मामा."

"आन् मी समद्यांला हे पाजून राह्यलो."

मामा तिच्या शेजारी बसले, सबंध अंग वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जातीचं असतं तर बरं झालं असतं, वैनी. भांडता आलं असतं." मग तिच्या हातातून ब्रश घेतला आणि हापशाला लाल रंग स्वतःच लावला, दांड्यापासून बुडापर्यंत, कुठं डाग सुटू न देता. मेकॅनिकचा हात तो.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! पहाटे मी सडा टाकायला बाहेर आले तर समोर ठक-ठक. मामा एकटेच हापसत होते आणि ओंजळीनं पीत होते. मी धावत गेले, म्हटलं, मामा, काय हे? तर म्हणाले, "गावाला माझ्या हातानं पाजलं. आता मी कोन्त्या तोंडानं नळाचं पिऊ?" मी चिडले, रडले, मामींनी शपथा घातल्या. ऐकायला तयार नाहीत. घरात सगळ्यांना नळाचं, आणि मामा तेवढे लाल हापशाचं.

शेवटी त्यांना थांबवलं ते सुजातानं. एका सकाळी ते बाहेर आले तर पोरगी हापशाला लोंबकळून पाणी काढत होती आणि धावत पुढे येऊन धारेला तोंड लावत होती. मामा ओरडले. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही पिता की. मी तुमच्यासोबत पिते." त्या दिवशी मामांनी डेपोतल्या जुन्या दोस्ताला वेल्डिंगचं सामान घेऊन बोलावलं, हापसा उपटला, सळया ओढून काढल्या आणि बोरच्या तोंडावर जाड पत्रा ठेवून चहूबाजूंनी डाग मारून घेतला. दोस्त म्हणाला, दोन डाग पुरेत. मामा म्हणाले, "न्हाई. पुन्हा निघता कामा नये."

काही वर्षांनी पुन्हा पाऊस रुसला. नळ बंद, टँकर बेभरवशाचा. मामा तोवर पार वाकले होते, काठी धरून जमिनीकडे बघत चालायचे. एका दुपारी आळीतल्या बाया कळश्या घेऊन त्यांच्या अंगणात आल्या. मामा, उघडा की बोर. प्यायला नको, धुण्याला द्या. मग म्हणाल्या, उकळून पिऊ. मग म्हणाल्या, आमचे दात गेलेत तेवढे गेले, आता तहानेनं मरू का? मामा पत्र्यावर बसून राहिले आणि प्रत्येकीला "न्हाई" म्हणत राहिले. एकीनं रागानं कळशी आपटली आणि बोलली, पाणी असून देत नाही, हा कसला माणूस!

त्यात आमच्या आत्याबाई, दोन्ही हातांत काठ्या, मी नको नको म्हणत असताना तिथवर गेल्या. म्हणाल्या, "मामा, माझं म्हातारीचं आता काय वाईट व्हायचं राहिलंय? एक तांब्या द्या. डाळ शिजत नाही हो." मामांनी काठी टाकली आणि हात जोडले. "आई, मागू नका. तुमाला न्हाई म्हनायला लावू नका." आणि त्यांना रडू फुटलं. आत्याबाई त्यांच्या शेजारी पत्र्यावर बसल्या, जन्मात पहिल्यांदा इतक्या जवळ, आणि टँकर येईपर्यंत दोघं तिथंच बसून होते.

मामा त्याच उन्हाळ्यात गेले. शेवटी कूस बदलायलाही दोघं लागायचे. मामी आणि सुजाता मुलाकडे नांदेडला गेल्या, घर विकलं. घेणाऱ्यानं पहिलं काम काय केलं असेल तर फाटक बसवलं आणि कटर आणून पत्रा कापला. बोरमध्ये मोटार सोडली. टँकर आत जायचा, भरून बाहेर पडायचा आणि मोठ्या रस्त्यापलीकडं कुठं तरी जायचा. ह्यांनी तक्रार केली. बघतो, म्हणाले. मी त्या माणसाच्या दारात जाऊन भांडले. तो म्हणाला, बाई, गाव तहानलंय, तुम्ही कोणत्या जमान्यातलं बोलता?

त्याच दुष्काळात मी पिठाच्या गिरणीत दळणाला बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई, कडेवर वर्षभराचं पोर. रस्त्यापलीकडच्या वस्तीतली होती. आपणहून बोलायला लागली, "आमच्याकडं टँकरचं पाणी लई झकास येऊन राहिलंय. डाळ तर अशी शिजते, विचारू नका."

मी तिचा हात धरला. सगळं सांगितलं, फ्लोराइड, दात, हाडं. पोराला ते पाजू नको म्हटलं. ती हसली. "तुमच्याकडं टँकर येत नसंल, म्हणून पोटात दुखत असंल." मग जरा थांबून म्हणाली, "भरतो कुठून तो, पण?"

मी सांगितलं. वर्कशॉपातल्या मामांचा बोर, आमच्या समोरचा.

"कोण मामा?" तिनं नीट विचारून घेतलं, मग जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे त्यांच्यातले? अगं बाई! कुणी सांगितलंच नाही. छी. आजपासून बंद. पोराला तर थेंब देणार नाही."

माझ्या तोंडाशी काय काय आलं! मी गप्प बसणारी बाई नव्हे, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. पण तिच्या कडेवरचं ते पोर माझ्याकडे बघून हसत होतं आणि त्याला खाली दोन दुधाचे दात आले होते. पक्के अजून यायचे होते. मी एक शब्द बोलले असते तर ती पुन्हा ते पाणी प्यायला लागली असती.

मी गप्प बसले. दळण झालं, डबा डोक्यावर घेतला आणि घरी आले. मग मामांच्या घराकडे तोंड करून ओट्यावर बसले आणि एखादं आपलं माणूस आजच गेलं असावं तशी रडले.